धुक्यात घेतलेलं नाव

बाबा सापडले, हे आधीच सांगून टाकते. ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकानं मध्येच माझा हात धरून "पण सापडले ना?" असं विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही ऐकलं नाही. सापडले. ठणठणीत आहेत. मी हे लिहितेय तेव्हा घणसोली गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून एखाद्या भाडेकरूशी पाण्याच्या मोटरीवरून हुज्जत घालत असतील. तेव्हा जिवाला घोर न लावून घेता वाचावं.

सुरुवात झाली ती बाबांच्या शुगरनं. रिटायर होईपर्यंत बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते, तेव्हा पायांना उसंत नसायची. रिटायर झाले आणि स्कूटरवर बसले, ते उतरलेच नाहीत. पानाच्या टपरीवर जायचं तरी स्कूटर, आणि टपरी आमच्या दारातून दिसते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. गोळ्या त्यांनी मान्य केल्या. चालायचा विषय काढला की म्हणायचे, मानूस कामाला जातो, तवा चालतो. बिनकामाचा चालायला मी काय येडा हाय?

मी लग्न होऊन सीवूड्सला गेले, पण तिथून फोनवर त्यांच्याशी भांडायचं काही सोडलं नाही. हुकूम सोडायची सवय मला आहे आणि ती मला कुणाकडून आली हे उघड आहे. शिवाय माझ्या मनात भीती होती. गोळ्या घेऊन वेळेवर जेवलं नाही तर शुगर एकदम खाली जाते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. घाम येतो, हात थरथरतात, झोप येते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तेव्हा ताबडतोब काहीतरी गोड द्या, उशीर करू नका. एकदा तसं घरातच झालं होतं. तेव्हा बाबांनी आईकडे बघून "तुमी कोन?" असं विचारलं होतं. आईनं तोंडात साखर कोंबली आणि दहा मिनिटांत ते ताळ्यावर आले, पण तेव्हापासून आईच्या पदराला गुळाचा खडा बांधलेला असतो. साडी बदलली की खडा त्या पदरातून या पदरात.

मी दोनतीन वर्षांपासून एका ग्रुपबरोबर ट्रेकला जाते. गाईड बरोबर असतात, जेवणाची-तंबूची सोय ते करतात, आपण फक्त चालायचं. नवरात्राच्या आधी त्यांनी कळसूबाईचा ट्रेक ठेवला. वयस्कर लोकांसाठी सावकाश चढायचं, दुपारपर्यंत वरच्या सपाटीवर पोचायचं, संध्याकाळी शिखर, रात्री तंबूत मुक्काम आणि सकाळी खाली. मी बाबांना म्हटलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी म्हटलं, हवा चांगली असते. आवाज आणखी वाढला. शेवटी चिडून म्हटलं की वर देवीचं देऊळ आहे, देवीला तरी चला. टीव्ही बंद झाला.

"देवी हाय?" बाबा म्हणाले. "मंग ते आधी नाय सांगायचा?"

इथंच खरी चूक झाली. आमच्या आगरी माणसाला 'देवीचा डोंगर' म्हटलं की डोळ्यांपुढं जत्रा उभी राहते. वर्षातून एकदा देवीला जायचं म्हणजे टेम्पो, स्वयंपाकाचा टोप, तांदळाचं पोतं, भावकी, आणि डोंगराच्या पायथ्याशी चूल. गाईडनं मेसेजमध्ये लिहिलं होतं की पाठीवरची बॅग हलकी ठेवा, पाणी, टॉर्च आणि चांगले बूट आणा. बाबांनी बूट तेवढे ऐकले, म्हणजे मी आणून दिले ते घातले. बाकी आईनं तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोलंबीची, चटणी डब्यात दाबून भरली, आणि देवीच्या ओटीचं सगळं घेतलं. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. टोप न्यायचा बेत मी हाणून पाडला. त्यावरून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आईचे गुडघे दुखतात. तिनं यायचं काही कारण नव्हतं. पण बाबा जाणार आणि गूळ घरी राहणार, हे तिला पटेना.

बस कळंबोलीहून निघाली, मला सीवूड्सला घेतलं आणि घणसोलीला आई-बाबा चढले. बाबा आत शिरताच ड्रायव्हरशी ओळख काढायला पुढं गेले. गाईड एक तरुण मुलगी होती, सडपातळ, शांत आवाजाची, गळ्यात शिट्टी. ती आईपाशी आली आणि काकांचं नाव काय म्हणून विचारलं. आईनं माझ्याकडे बघितलं. गाईडला वाटलं ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. आईनं पदर नीट केला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग मी नाव सांगितलं.

आई बाबांचं नाव घेत नाही. जुन्या वळणाच्या कितीतरी बायका घेत नाहीत, पण आईसारखी कडक मी पाहिली नाही. वाशीच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा आई तिला "मागं पोर येते, तिला इचारा" म्हणून तिथंच उभी राहिली आणि रांग खोळंबली. नवऱ्याचं नाव बाईनं उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. मी शाळेत असल्यापासून या गोष्टीवर तिच्याशी वाद घातला आहे. ती शांतपणे ऐकते आणि म्हणते, तुझा खरा असंल, पन मी कशाला बघायला जाऊ? तिच्या हाकेला बाबा "अवो" एवढ्यावर ओ देतात. त्यांचं नाव मीही इथं लिहीत नाही. तिचा तेवढा मान राखते.

चढण सुरू झाली आणि बाबांनी मला तोंडघशी पाडलं. मला वाटलं होतं पहिल्याच टप्प्यात बसतील. कसले बसतात! काम मिळालं होतं ना आता, देवीची ओटी पोचवायचं. नारळाची पिशवी दुसऱ्या कुणाच्या हातात देईनात. पुढच्याशी गप्पा, मागच्याशी गप्पा, ठाण्याच्या एका जोडप्याला नवी मुंबईत जागा कुठं घ्यावी याचा फुकट सल्ला, आणि मध्येच थांबून माझ्याकडे वळून, "दमलीस कं?" मी दमले होते. नाही म्हटलं.

आईची तऱ्हा वेगळी. ती कुणाशी बोलत नव्हती. एक हात गुडघ्यावर, एक हात साखळीवर, आणि नजर बाबांच्या पाठीवर. वाटेत लोखंडी शिड्या लागतात. पहिल्या शिडीपाशी तिनं डोळे मिटले, दुसरीपाशी देवीला काहीतरी बोलली, आणि दुपारी आम्ही शेवटच्या शिडीच्या खालच्या सपाटीवर पोचलो तेव्हा तिनं जाहीर केलं की यापुढं आता नाही. तिथं पाण्याची विहीर आहे, चहा-भज्यांची खोपटी आहेत, आणि आमचे तंबू लागले होते. आई एका तंबूच्या तोंडाशी पाय पसरून बसली. ओटीचं उरलेलं सामानही तिनं बाबांच्या हाती दिलं आणि म्हणाली, माझा नमस्कार सांगा. गूळ तिच्या पदरालाच राहिला, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बाबांनी दुपारची गोळी घेतली होती. जेवण मात्र त्यांनी दोन घासांवर आटोपलं, कारण देवीचं दर्शन झाल्याशिवाय पोटभर जेवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर मी त्यांना बांधून घातलं असतं.

संध्याकाळी गाईडनं सगळ्यांना रांगेत घेतलं. पुढं ती, शेवटी तिचा जोडीदार, मध्ये आम्ही. कुणी रांग सोडायची नाही, अंधाराच्या आत खाली यायचं. शिखरावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि लांब खाली धरणाचं पाणी चमकत होतं. बाबांनी माझ्याकडून देवीची ओटी भरून घेतली, नारळ फोडला, आणि वळून मला म्हणाले की चालायला लावून तू चांगला केलास. एवढं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं. आई खाली एकटी आहे म्हणून मी परतताना गाईडच्या मागोमाग पुढं लागले. तेव्हाच मी बघितलं, बाबांच्या पायांत बूट नव्हते. पण देवळात आलेला माणूस अनवाणी असतोच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बूट त्यांनी चढताना, रांग शिडीपाशी खोळंबली तेव्हा, खालीच काढले होते. देवीची पहिली पायरी आली की पायताण काढायचं, हा आमच्याकडचा रिवाज, आणि बाबांच्या हिशोबानं ती लोखंडी शिडी म्हणजे देवीची पहिली पायरी. बरं, काढले ते काढले, वाटेच्या कडेला ठेवावेत ना? नाही. जत्रेत चपला चोरीला जातात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. म्हणून ते नवेकोरे बूट त्यांनी वाटेपासून आत जाऊन एका झुडपाच्या बुंध्याशी, कुणाला दिसणार नाहीत असे लपवून ठेवले होते.

आम्ही शिडी उतरत असतानाच धुकं आलं. आधी खालची दरी गेली, मग समोरचा डोंगर, मग शिडीचं खालचं टोक. रांगेतली एक बाई शिडीवर घाबरून थिजली आणि शेवटचा गाईड तिला एकेक पायरी उतरवण्यात गुंतला. बाबा त्या दोघांच्या आधी खाली पोचले, पुढच्या माणसाला म्हणाले, "तुमी चला, मी आलोच," आणि बुटांसाठी वाटेबाहेर गेले.

सपाटीवर आल्यावर गाईडनं मोजणी केली. पुन्हा केली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बाबा नव्हते.

रांगेत बाबांच्या पुढं असलेल्या माणसानं जे झालं ते सांगितलं. गाईडनं आवाज न चढवता कामं वाटली. तिचा जोडीदार टॉर्च घेऊन शिडीकडे परत गेला, खोपटीवाल्यांपैकी दोघं त्याच्याबरोबर. बाकीच्यांनी जागेवरून हलायचं नाही, हाका मारत राहायच्या, म्हणजे आवाजाच्या रोखानं काकांना इकडे येता येईल. शिट्ट्या सुरू झाल्या. "काका! ओ काका!" शेजारी दुसऱ्या दोन ग्रुपचे तंबू होते, तेही ओरडू लागले. मी "बाबा, बाबा" करून घसा फोडला. मग त्यांचं नाव घेऊन ओरडले, बापाच्या नावासकट, आडनावासकट. धुक्यातून काहीही येत नव्हतं. त्या बाजूला कडा आहे का, असं मी विचारलं. गाईड म्हणाली, आहे, पण लांब आहे. ते 'लांब' तिनं जरा सांभाळून म्हटलं होतं.

मी तिला गोळ्यांचं सांगितलं. जेवण चुकलं तर काय होतं ते सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग ते कदाचित हाका ऐकत असतील, पण आपल्याला मारतायत हे त्यांच्या लक्षात येत नसेल. आपल्या माणसाचा आवाज अशा वेळी जास्त पोचतो. मग ती आईसमोर गुडघ्यांवर बसली. "काकू, तुम्ही मारा हाक. नावानं मारा."

आई इतका वेळ तंबूच्या दोरीला धरून उभी होती. तिनं "अवो" म्हणून हाक मारली होती, पण तिच्या मागं शेजारच्या ग्रुपमधली एक बाई आपल्या नवऱ्याला "अहो, इकडे या" म्हणत होती आणि आईची हाक त्यातच विरली. आईनं नुसती मान हलवली. नाही.

माझी सटकली. इतक्या लोकांसमोर मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, आई, आज तरी सोड तो हट्ट. माणूस जातोय आपला!

"म्हनून तर," आई म्हणाली. "तिकडं त्यांचा काय चाललाय मना ठावूक नाय. आन अशा वक्ताला मी माज्या तोंडानं त्यांचा आयुष्य कमी करू?"

आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्याशी वाद घालता आला नाही. तिला काही हट्ट करायचा नव्हता. आम्ही दोघी एकाच भीतीनं अर्धमेल्या झालो होतो, आणि तिच्या भीतीत तिचं तोंडही तिचं वैरी होतं.

मग तिनं डोक्यावर पदर घेतला, तंबूंच्या पुढं, धुक्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"मिठागराच्या मिठाला भरतीचा भ्याव,"

आणि पुढं बाबांचं नाव, आणि पुढं:

"यांचा नाव घेतंय, आयका सारा गाव!"

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. लग्नात, हळदीत, डोहाळजेवणात सगळ्याच घेतात, त्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही. आईनं डोंगरावर, त्या घटकेला, स्वतःसाठी ही वाट शोधून काढली होती. बाकीच्या हाका थांबल्या. कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. आईनं तोच उखाणा पुन्हा घेतला, आणखी मोठ्यानं. कान लावून उभी राहिली. तिसऱ्यांदा घेतला.

आणि डावीकडून, शिडीच्या बाजूनं नव्हे, भलतीकडून, खालून, अगदी बारीक आवाज आला. "ओ."

गाईडनं शिट्टीनं शोधणाऱ्यांना इशारा केला आणि आईला म्हणाली, "थांबू नका काकू. हाक मारत राहा, ते ओ देत राहतील, त्यावरून आमची माणसं पोचतील." आईनं पुन्हा उखाणा सुरू केला. पण उखाणा लांबलचक. तो संपून नाव पोचेपर्यंत पलीकडचा आवाज बुडत होता. दुसऱ्या खेपेला ओ आली तीही क्षीण. आईनं ती ऐकली, आणि मग तिनं उखाणा टाकून दिला.

तिनं नुसतं नाव घेतलं. मागं राव नाही, पुढं काही नाही. लहानपणी बाबांची आई घेत असेल तसं. एकदा घेतलं, उत्तर आलं. पुन्हा घेतलं, उत्तर आलं. मग ती थांबलीच नाही. हात छातीशी धरून, श्वास घेऊन, पुन्हा पुन्हा, त्या पांढऱ्या भिंतीवर ते नाव आदळत राहिली, आणि दर वेळी पलीकडून एक ओ येत राहिली, हळूहळू जवळ. मग टॉर्चचा उजेड दिसला, आणि त्या उजेडात दोन माणसांच्या मध्ये, अनवाणी, चिखलानं माखलेले, घामानं थबथबलेले बाबा.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी होते तिथंच चिखलात बसले आणि तोंडाला येईल ते बोलत, रडत, त्यांना शिव्या घालत सुटले. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि गुळाचा खडा बाबांच्या तोंडापाशी धरला. त्यांनी आज्ञाधारक मुलासारखं तोंड उघडलं. एरवी गोळीसुद्धा तासभर भांडल्याशिवाय न घेणारा माणूस. गाईडनं ग्लुकोजचं पाणी पाजलं, ब्लँकेट पांघरलं, नाडी धरून बसली. तळपायात काटे मोडले होते, ते काढले. हळूहळू थरथर थांबली, आणि बाबांनी पहिला प्रश्न विचारला की माझे बूट कुठं हायेत. तेव्हा आम्ही सगळे हसलो. इतकं बरं मला कुठल्याच हसण्यानं वाटलेलं नाही.

मग जेवताना सगळं बाहेर आलं. आईच्या भाकऱ्या आणि जवळा अख्ख्या तळावर फिरला. ठाण्याच्या त्या जोडप्यानं तर बोटं चाटली, आणि टोप आणला असता तर बरं झालं असतं हे बाबांनी मला ऐकवून घेतलं. झालं होतं असं की एका झुडपाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाता जाता त्यांची दिशा हरवली. अंगाला कापरं भरलं. बसले. बसल्यावर बरं वाटलं, मग झोपावंसं वाटलं. हाका ऐकू येत होत्या, पण कुणीतरी काका काका करतंय, कुणाचा तरी काका हरवला असेल, एवढंच त्यांना वाटलं. मी पूर्ण नावानं ओरडले तेही त्यांना ऐकू आलं होतं.

"मना वाटला दवाखान्यात नंबर आलाय," बाबा म्हणाले. "म्हटला, पडू दे. दवाखान्यात कोन जातंय आता."

मी कपाळावर हात मारला. आईचा आवाज आला तेव्हा मात्र त्यांना वाटलं की आपलं लग्न आहे, ही नाव घेतेय आणि आपण आडवे पडलोय, लोक काय म्हणतील. म्हणून उठले. एवढं सांगून बाबा हसले, आम्ही हसलो, आई मात्र हसली नाही. शेजारच्या ग्रुपमधल्या पोरींनी तिला आणखी एक उखाणा घ्या म्हणून गळ घातली. तिला लाज वाटली असेल असं समजून मी त्यांना पिटाळलं. जेवण झाल्याझाल्या ती बाबांच्या शेजारी आडवी झाली, आणि झोप लागेपर्यंत तिनं त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरलेली होती. बाबा दोनदा खोटंच म्हणाले की सोड, उकाडा होतोय. तिनं सोडली नाही.

सकाळी जाग आली तेव्हा धुकं पार गेलं होतं आणि आई तंबूत नव्हती. कालचं ताजं असल्यानं मी ताडकन बाहेर आले. गाईड चहा घेत उभी होती. तिनं बोटानं दाखवलं. शेवटच्या शिडीवर, जिच्यावर मी चढणार नाही असं आईनं सांगून टाकलं होतं, तिची हिरवी साडी दिसत होती. गाईडचा जोडीदार तिच्या मागं एकेक पायरी चढत होता. हटकलं तर म्हणाल्या, देवीकडं काम हाय, असं गाईडनं मला सांगितलं. मी धावले. माझ्या मागून बाबा निघाले, माझ्या गुलाबी रबरी सपाता पायांत अडकवून. शिडीच्या अलीकडे वाटेपासून चार पावलं आत एक झुडूप होतं आणि त्याच्या बुंध्याआडून त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती. काल धुक्यात ते याच्या अगदी जवळून पुढं गेले असणार. बाबांनी बुटांकडे पाहिलं आणि न थांबता पुढं गेले.

मी वर पोचले तेव्हा आई देवळाच्या उंबऱ्याशी उभी होती. हात रिकामे होते, ओटी तर कालच भरून झाली होती. तिनं हात जोडले होते आणि ती देवीशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं, डोळे उघडे ठेवून.

"काल मी यांचा नाव घेतला," आई म्हणाली. "नुसता. लय वेला. तू आयकलाच असशील. त्याचा जो काय कमी करायचा असंल, तो माझ्यातला कर. यांच्यातला नको."

म्हणजे ती रात्रभर हे घेऊन पडली होती. आम्ही सगळे सुटलो होतो, हसत होतो, जेवत होतो, आणि ती एकटी अजून धुक्यातच होती. मला तिला सांगायचं होतं की असं काही नसतं गं. मी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले.

बाबा मागून धापा टाकत आले; तिचं बोलणं त्यांच्याही कानावर पडलं होतं. आज शिडीपाशी न काढलेल्या सपाता बाहेर सोडल्या, आईच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

"हिचा आयकू नको," ते देवीला म्हणाले. "मी पडलो व्हतो तितं. हिनं नाव घेतला म्हनून उठलो. जो काय आयुष्य हाय माझा आता, तो हिच्या तोंडातून आलेला हाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. लोकांसमोर ती कधी बघत नाही तसं, सरळ, बराच वेळ. तिचा चेहरा सैल पडला, आणि कालपासून न रडलेली आई तिथं रडली. बाबांनी तिला रडू दिलं. मग पदरानं तोंड पुसून ती "चला" म्हणाली, आणि आम्ही शिडीकडे वळलो.

शिडीच्या तोंडाशी बाबा बाजूला होऊन तिला पुढं जायला सांगू लागले. तिला भीती वाटते, मी मागून सांभाळतो, असं त्यांचं म्हणणं. आईनं मान हलवली.

"तुमी पुढं व्हा," ती म्हणाली. "मना तुमी दिसायला पायजेत."

बाबांनी वाद घातला नाही. ते उतरू लागले, आणि दर पायरीला थांबून, मान वर करून, तिला आपण दिसतोय ना ते बघत राहिले.